चार हजार एकशे पंचवीस

सिरॅक्यूजच्या आर्मरी चौकात एक घड्याळ आहे,
ते वेळ सांगत नाही.
चोवीसपासून खाली उतरतं, शून्याला टेकतं,
पुन्हा चोवीस.
बर्फात थांबून ते बघत बसणारे दोघेच असायचे,
वेंडेल टिब्स आणि मी.

"चोवीसच का?" पहिल्या भेटीत त्यानं विचारलं,
नाव विचारायच्या आधी.
अठ्ठेचाळीस मिनिटांचे सेकंद दोन हजार आठशे ऐंशी,
चांगल्या सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून शॉट एकशेवीस.
भागाकार मी तोंडी केला.
इस्लामपूरला पाढा चुकला की बाई
मैदानावर उन्हात उभं करत,
तिथं जाळी नसलेल्या एका कडीखाली
मला दोन्ही गोष्टी आल्या.
"चालेल हा माणूस," तो घड्याळाला म्हणाला.

मी शाळांच्या जिममधले दिवे बदलतो.
तो तिथंच, टेबलामागे,
एकतीस वर्षं पोरांच्या सामन्यांची वेळ लावायचा.
मी शिडीवर, तो खाली, आणि खालून प्रश्न.
सगळ्यात रटाळ सामना?
फोर्ट वेन, एकोणीस-अठरा. लोक म्हणे पेपर वाचत बसले.
नारिंगी व्हायच्या आधी चेंडू कसला होता?
तपकिरी, गुळाच्या ढेपेसारखा.
कॉलेजात वरून चेंडू कोंबायला किती वर्षं बंदी?
नऊ.
आणि अगदी पहिल्या सामन्यात गोल किती?
एक. अठरा जण धावले, गोल एक.
पीचच्या टोपल्या, बुडं शाबूत,
चेंडू काढायला कुणीतरी शिडीवर चढायचं.
"तो तुझा पूर्वज," वेंडेल म्हणायचा,
"त्याचा फोटो कुणी काढला नाही."

एक गोष्ट मात्र तो विचारायचा नाही, सांगायचा.
बासष्टचा मार्च, हर्शी नावाचं चॉकलेटचं गाव,
एकट्या माणसाचे शंभर पॉइंट.
चित्रफीत नाही, टीव्ही नाही,
प्रेक्षक मोजून चार हजार एकशे चोवीस.
"त्यातला एक मी. बारा वर्षांचा.
लॅमॉन्टकाकाच्या ट्रकमधून गेलेलो."
निवेदकाचा आवाज कसा फाटत गेला,
शेवटी पोरं मैदानात कशी घुसली,
बाकांना कोकोचा वास,
आणि पुढच्या बाईनं हॅट म्हणून काढली नाही.
दर हिवाळ्यात त्या हॅटला एक पीस वाढायचं.

गेल्या फेब्रुवारीत वेंडेल गेला.
चर्चच्या तळघरात, कागदी ताटलीत मॅकरोनी वाढता वाढता
त्याची बहीण अर्नेस्टीन म्हणाली,
"हर्शी? गालगुंडं झाली होती त्याला.
डोक्याभोवती मफलर, उशीखाली रेडिओ,
फिलाडेल्फियाचं स्टेशन, नुसती खरखर.
आईनं दोनदा काढून घेतला.
ट्रक होता, ते खरं. चालत नव्हता."

मला माहीत होतं म्हणायला हरकत नाही.
हॅट आणि कोको वजा केला
तर त्याच्या गोष्टीत सगळे आवाजच उरत.

नंतर कुणीतरी दोन शब्द बोलायला सांगितलं.
मी उभा राहिलो, इंग्रजी नेमकं तेव्हाच आटलं,
एवढंच म्हणालो,
वेंडेल हर्शीला होता.
तिथल्या मोजणाऱ्यानं एक माणूस कमी मोजला.
अर्नेस्टीननं माझ्याकडे बघितलं,
मग चमच्याकडे,
मग माझ्या ताटलीत आणखी एक डाव टाकला.

परवा जिममध्ये कडी आणि फळीच्या बेचक्यात
एक चेंडू अडकला होता. शिडी लावली, चढलो.
खालून कुणी काही विचारलं नाही.
टेबलामागे आता एक नवा पोरगा बसतो, डॅरियन,
त्याचं लक्ष बटणांवर.
वरूनच ओरडलो: चोवीसच का रे?
त्यानं फोन काढला.
फोन ठेव, म्हटलं,
आणि चेंडू खाली सोडला.