गोड्या पाण्याची बादली

बाटलीतलं खोबरेल थिजलं
की आगरवाड्यात हिवाळा आला असं धरायचं.
बाकी खूण काही नाही.
पंखा एकावर येतो,
कुमुद पहाटे खांद्यावर टॉवेल घेते, एवढंच.

सायकल ओलेगची.
तीन महिन्यांचं भाडं थकलं तेव्हा म्हणाला, ही ठेव,
आणि मार्चच्या विमानाने गेला.
टायर माझ्या पंजाएवढे रुंद.
बर्फासाठी केलेत, त्याने हातवाऱ्यांनी सांगितलं होतं,
हवेत कमरेएवढा बर्फ दाखवला होता.
मी मान डोलावली.
बर्फ मी मासळीच्या पेटीतच पाहिलेला.

भरती पहाटे साडेचारची.
मानशीची फळी काढायची तर बांधावरून जायचं,
दीड किलोमीटर; आणि बांध म्हणजे
चिखल, कुर्ल्यांची बिळं, मध्येच खचलेला दगड.
स्कूटर रुतते.
पाय जातात, पण पायांना आता गुडघे आहेत.
म्हणून ही.
निघताना निम्मी हवा सोडायची,
चाक पाण्यात बसलेल्या म्हशीसारखं पसरतं
आणि बांधावर वळ उमटत नाही.
मोटर गुणगुणते बारीक.
पहिल्या आठवड्यात बगळे उठायचे, आता
एक पाय पोटाशी घेऊन तसेच उभे असतात.
डावीकडे शापोऱ्याची खाडी.
दिसत नाही, वास येतो.

खरं काम घरी आल्यावर.
आजोबा, बाबा आणि मी ज्याच्यावर जेवलो
ते मीठ आता माझी साखळी खातं.
दिवाळीनंतर ब्रेक आवळेना म्हणून
शिवोलीला इनासकडे नेली.
"दर्यात बुडवली होतीस की काय?"
नाही रे, नुसती चालवली.
त्याने वायरच्या टोकावरची हिरवी बुरशी दाखवली,
शिव्या घातल्या, पैसे अर्धे घेतले
आणि बजावलं:
रोज गोडं पाणी. पाइप नको, मोटरीत शिरेल, तांब्याने.
मग कोरडं पुसून मेण.
तेल लावलंस तर रेती पोरासारखी चिकटेल.
बॅटरी घरात, दवात नाही.

ती आमच्या खाटेखाली असते.
चार्जरचा दिवा रात्रभर डोळा वटारून;
कुमुद त्याच्यावर वाटी पालथी घालते.
प्लग एकच, मिक्सरचा.

नाताळच्या आदल्या रात्री मोरजीहून स्पीकर वाजत होते.
दुसऱ्या मानशीपाशी सायकल बंद पडली.
बत्तीस किलो लोखंड,
ढकलून पाहिलं, मग तिथेच आडवं टाकून धावलो.
फळी घालायला वीस मिनिटं उशीर.
आठ दिवस पायांनी तुडवून घट्ट केलेला आगराचा तळ
पुन्हा चिखल झाला.
उजाडल्यावर त्यात उभा राहिलो, घोट्यापर्यंत.
सायकलला काही बोललो नाही.
चटणी वाटून झाल्यावर
प्लग बदलायचं मीच विसरलो होतो.

बाबा एक्याऐंशीचे.
मी धुतो तेव्हा अंगणात स्टूल घेऊन बसतात.
पहिला तांब्या ओतणार, तोच
"राव" म्हणतात, थांब.
वाकून आऱ्यावरून बोट फिरवतात,
जिभेच्या टोकाला लावतात,
डोळे मिटून बराच वेळ.
"हें आमचें न्हय. वारो दर्यावयलो आज."
कधी दोनदा चाखतात.
परवा म्हणाले, तिसऱ्या आगराचं आहे,
कडवट लागतंय, कच्चं,
अजून पंधरा दिवस दे त्याला.

मग मी पाणी ओततो.