तक्रार क्रमांक सत्तेचाळीस

रबाळ्याच्या शेडमध्ये सहा वर्षं कॉइल तपासते आहे.
काम सोपं. दोन आकडे घ्यायचे:
व्होल्ट दोनशे तीस, अँपिअर आठ पूर्णांक सात.
भागले की रोध, जवळपास साडेसव्वीस ओहम.
गुणले की शक्ती, दोन हजार वॅट.
शिक्का मारा, पुढची घ्या.

इसाकभाई कोतवडेकर निवृत्त होताना म्हणाले,
"आकडे तेच दोन, पोरी.
भागशील तर कळेल वाटेत कोण उभं आहे.
गुणशील तर कळेल हाती काय लागलं.
एकच करून शिक्का उचलू नकोस."
मी मान हलवली. रोज दोनशे कॉइल, कोण थांबतंय.

घणसोली गावठाणातून द्रौपदा भोपींचा फोन, तिसऱ्यांदा.
"दोन हजार लिवलंय, हाय दीड हजारच."
मीटर आहे का तुमच्याकडे?
"घड्याल हाय.
फेण्यांच्या आधनाला वीस मिन्टां लागायची,
आता अठ्ठावीस."

शनिवारी गेले.
दोन इमारतींमधून छत्री उघडून जाता येत नाही अशी गल्ली,
तिसरा मजला, जिन्यात तांदळाच्या वाफेचा वास.
नुसत्या पॉइंटवर मीटर लावला: दोनशे तीस.
बघा, पुरेपूर, मी म्हणाले.
मग कॉइल जोडली.
आकडा जिना उतरला,
दोनशे दहा, दोनशे, एकशे शहाण्णव,
आणि तिथेच बसला.
काही मागितलेलं नसतं तोवर सगळं पुरेपूरच असतं.

धारा सात पूर्णांक चार.
भिंतीवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलीनं मांडलं.
भागले: साडेसव्वीस. आमची कॉइल निर्दोष.
हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.
गुणले: साडेचौदाशे.
वीस मिनिटांचं आधण साडेचौदाशेवर किती वेळ घेईल?
सत्तावीस मिनिटं आणि वर अर्धं.
बाई अठ्ठावीस म्हणाल्या होत्या.
आमच्या मीटरला दर वर्षी कॅलिब्रेशनला पाठवावं लागतं.

उरले चौतीस व्होल्ट.
तेही भागले, तेही गुणले:
वाटेत कुठेतरी साडेचार ओहम दडून बसलेत
आणि अडीचशे वॅट खाताहेत,
ज्यात कुणाचं पाणी तापत नाही.

वायरचा माग काढत गेले,
खिडकीतून बाहेर, कठड्याखालून,
दोरीवरच्या चादरीमागे
एक सांधा. काळा टेप करपून मऊ पडलेला.
बोट जवळ नेलं आणि मागे घेतलं.

"ह्यांनी मारला व्हता," त्या म्हणाल्या. "वायर कमी परली."
मग थोड्या वेळानं, "तीन वर्सां झाली."
मी पुढचं विचारलं नाही.
मेन बंद केला. त्यांनी बॅटरी धरली,
उजेड जरा हलत होता.
पक्कड लावताना म्हटलं, कापू ना?
"काप. घर जालायचा नायतर."

तुकडा गळून पडायच्या आत त्यांनी तळहात पुढे केला.
अजून गरम होता.
या हातातून त्या हातात केला,
खाली नाही टाकला.

नवी वायर, नवा कनेक्टर.
दोनशे चोवीस. साडेआठ.
भिंतीवर जागा नव्हती, हिशेब हातावर केला,
मूठ मिटली.
पातेलं चढलं. दोघी घड्याळाखाली बसलो.
दुसरं बोलायला काही नव्हतं, आणि ते चाललं.
झाकण थरथरलं तेव्हा त्या म्हणाल्या,
"एकवीस."
मी मूठ उघडून दाखवली.

सोमवारी रजिस्टरात लिहिलं:
कॉइल बरोबर. तक्रारही बरोबर.
साहेब म्हणाले, यातलं एकच लिहायचं असतं.
मी फेण्यांची पुडी पुढे केली.