गल्लीच्या तोंडाशी

पहिल्या दिवशी त्यांनी मला दिलं
एक पिवळं जाकीट, दोन मापं मोठं,
एक वॉकीटॉकी
आणि एक गल्ली.

ग्रिम्सबी. सकाळचे सहा वाजून दहा.
मासळीच्या गोदामांमागून येणारा वारा
कानाच्या पाळ्या कापून नेत होता.
कॅलम म्हणाला, "कॅमेरा त्या कोपऱ्यापलीकडे.
'रोलिंग' ऐकू आलं की कुणाला सोडायचं नाही.
'कट' ऐकू आलं की सोडायचं."
झालं. एवढंच माझं शिक्षण.

लेस्टरच्या फार्मसीतली सहा वर्षं
मी ह्या दोन वाक्यांसाठी सोडून आले होते:
मोजलेल्या गोळ्या, चिकटवलेली लेबलं,
जेवणानंतर, झोपताना, रिकाम्या पोटी.
आता मीच रिकाम्या पोटी
बुजगावण्यासारखी, हात पसरून.

सिनेमा दिसत नव्हता.
ऐकू येत होता, कमरेपाशी, खरखरत:
"दिवा जरा डावीकडे... कुत्रं कुणाचंय ते?... टेक चार."
मग कोपऱ्यापलीकडे कुणीतरी रडत असावं,
कारण सगळे एकदम गप्प व्हायचे
आणि मी पाठमोरी,
एका बंद चिप्सच्या दुकानाची पाटी वाचत
श्वास धरून उभी.
ती पाटी मला अजून पाठ आहे.

माणसं थांबायची, ह्याचंच नवल.
पोस्टमन थांबला. शाळेची दोन पोरं थांबली,
"कोण आहे आत? कुणी मोठं आहे का?"
माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.
एकानं शिवी हासडली, मग थांबला,
मग मलाच सिगरेट देऊ केली.

दुपारी आईचा फोन, तोंडात सँडविचचा घास.
"सिनेमात करतेस काय नक्की?"
"गल्ली अडवते."
ती जरा वेळ गप्प. मग, "दिसतेस का त्यात?"
"आई, दिसले तर काढून टाकतील मला."
"बरं. स्वेटर घाल."

टेक नऊला डोरीन आली.
नाव मागाहून कळलं.
ऐंशीच्या पुढची, चाकांची चौकड्यांची पिशवी ओढत,
गुडघा वाकडा, नजर सरळ.
म्हटलं, फक्त दोन मिनिटं. प्लीज.
म्हणाली, "बाळ, पासष्ट वर्षं
मी ह्याच गल्लीनं पाव आणायला जाते.
तुझी दोन मिनिटं तुझ्यापाशी ठेव."
आणि गेली.

धावून तिचा हात धरता आला असता.
वॉकीवर ओरडता आलं असतं.
पण आत कुणीतरी रडत होतं,
आणि पिशवीचं एक चाक
फरशांवर टक् टक् करत कोपरा वळलं,
आणि मी उभ्या उभ्या हिशेब मांडला,
फार्मसीत परत घेतील का,
घेतील तर कुणाला फोन करावा.

बराच वेळ काहीच नाही.
मग खरखर, मग दिग्दर्शिकेचा आवाज,
जो तोवर माझ्याशी कधी बोललाच नव्हता:
"कट. ती आजी कुठून आली?"

अंगठा बधिर. बटण दाबलं.
"माझ्या गल्लीतून."
माझ्या, असं म्हणाले,
हे नंतर लक्षात आलं.

पुन्हा खरखर.
"तिला विचार,
परत एकदा पाव आणायला जाईल का."

परत येताना विचारलं.
तिनं पिशवी उघडून आतला पाव दाखवला,
जसा वेड्याला पुरावा दाखवतात, आणि म्हणाली,
"आणला की."

रात्री जाकीट परत करताना कॅलमनं
उद्याची कॉलशीट हातात दिली.
सगळ्यात खाली, ड्रायव्हरांच्याही खाली,
माझं नाव. मृण्मयी लिहिताना
कुणीतरी मध्येच दमून सोडून दिलेलं.
पाच चाळीसला हजर.
गल्ली दुसरी.