पहाटेची बाटली

तळं एवढंसं. मुरारच्या वाटेवर, कॉलनीच्या पाठीमागं.
फेरी मारायला बारा मिनिटं,
गुडघे दुखणाऱ्यांना वीस.
काठाशी साखळीनं बांधलेले सात हंस, पायडलचे;
पाचव्याचा एक डोळा उन्हानं खाल्लाय.

भदौरिया साहेब म्हणाले, नमुना दुपारी दोनला घ्या.
दुपारी आकडे छान येतात.

खरंच येतात.
मी चकती सोडते: दोन पाव काळे, दोन पाव पांढरे,
दोरीला गाठी.
मोजते मराठीत, लिहिते हिंदीत;
नोकरीला लागल्यापासून ओठ आणि हात
असे वेगळे राहतात.
बेचाळीसला चकती दिसेनाशी होते,
वर ओढताना चौतीसला पुन्हा दिसते.
नियम असा, की दोन्हींची सरासरी मांडायची.
हरवणं आणि सापडणं यांच्या मधोमध
अडतीस सेंटिमीटर.
त्याखाली नुसतं हिरवं,
वाटलेल्या कोथिंबिरीसारखं दाट.

आणि प्राणवायू? अकरा!
डोंगरातल्या ओढ्यानं मान खाली घालावी.
एवढं शेवाळ उन्हात बसून दिवसभर श्वास सोडतं,
तो आम्ही बाटलीत भरतो, सही करतो.
नौकाविहारास योग्य.

रात्री तेच शेवाळ तोच श्वास परत मागतं,
हे कुठल्याच रकान्यात नसतं.

म्हणून एकदा, कुणी न सांगता,
ज्येष्ठातल्या एका पहाटे गेले.
इथला ज्येष्ठ रात्रीही निवत नाही.
पाणी हाताला कोमट,
आंघोळीला काढून कुणी विसरून गेल्यासारखं.
हरिओम बाथमनं होडी सोडली, विचारलं काहीच नाही.
मधोमध गेल्यावर एवढंच म्हणाला,
"दिदी, सुबह ये बहुत ऊपर आती हैं."

आली होती.
शेकडो तोंडं पाण्याच्या कातडीला टेकलेली,
उघडमीट, उघडमीट,
जसं एका भाषेत अडकलेलं कुणी
दुसऱ्या भाषेतला शब्द शोधतं.

बाटली भरताना बुडबुडा राहता कामा नये;
एका बुडबुड्यात अख्ख्या रात्रीचं खोटं मावतं.
मग दोन औषधं, थेंब थेंब.
साका तपकिरी बसला तर पाण्यात जीव आहे,
पांढरा राहिला तर नाही.
आमचा बसला
दुधात चुकून चहा पडावा तसा.

काठावर फिरायला आलेले मोघे काका, निवृत्त पोस्टमास्तर,
हातात परमलची पिशवी,
बोटाला धरलेली नात.
"ये ये, बघ रेवा, तुला बघायला आलेत सगळे!"
रेवानं मूठभर चुरमुरे टाकले.
तोंडांना चुरमुरे नको होते,
तरी एकदोघांनी घेतले, सवयीनं.
उरलेले भिजले, फुगले, खाली गेले,
कुजताना तेही आपला वाटा मागतील.
रेवा टाळ्या वाजवत होती.
मी होडीतून हात हलवला.
काका म्हणाले, "पाणी कसं आहे आमचं?"
म्हटलं, "तपासतेय."

प्रयोगशाळेत ब्युरेटखाली निळा रंग
एका थेंबाला गडद, पुढच्याला फिका,
मग अचानक काही नाहीच, नुसती काच.
इतक्या लवकर मी रंग उडताना पाहिला नव्हता.
पुन्हा केलं. तेवढंच आलं.
दीड. माशांना चार तरी लागतो.

साहेबांनी कागद बघितला, मग मला,
मग पंख्याकडे.
"कब लिया?"
आमच्या फॉर्मवर तारीख असते, ठिकाण असतं,
नमुना घेणाऱ्याचं नाव असतं.
वेळ नसते.

पट्टी घेतली. तारखेच्या शेजारी
एक उभी रेघ मारली, जरा वाकडीच आली.
वरच्या ओळीत लिहिलं: दुपारी दोन, अकरा.
खाली: पहाटे पाच चाळीस, दीड.
तळं तेच.

साहेब म्हणाले, रख दीजिए.
ठेवला.
बाहेर ऊन चढायला लागलं होतं,
आणि त्या हिरव्या पाण्यात एव्हाना
आकडा वर सरकत असणार,
दोन, अडीच,
हरिओम हंसांच्या साखळ्या सोडत असणार.