कोळशाच्या रेघा

जांबोटीच्या पुढं, रान दाटायला लागतं तिथं
एका आवारात दोन शाळा.
एक मराठी, एक कन्नड,
मधे कमरेएवढी भिंत
आणि तिला दोन्हीकडून टेकलेली पोरं.
नळ एक. स्वयंपाकखोली एक.
हजेरीपुस्तकं दोन.

मी बेळगावहून फॉर्म घेऊन आलेली.
अठ्ठावीस प्रश्न, दोन्ही भाषांत छापलेले.
चौदावा : मूल गैरहजर राहण्याचं कारण.
एक, आजारपण. दोन, घरकाम. तीन, पालकांची अनास्था.
गवळीवाड्यावरच्या सात नावांपुढं
माझ्या आधीच्या कुणीतरी
तीन, तीन, तीन लिहून ठेवलेलं,
फार सुंदर अक्षरात.

देवळात बैठक भरली तेव्हा
सगुणा येडगे म्हणाली,
"अनास्था म्हंजे काय वं बाई? औषध हाय काय त्येला?"
गुरव मास्तर खाकरले.
शिवलीला टीचरनी कन्नडमधे शब्द शोधला,
सापडला, पण तोही तेवढाच परका निघाला.
मी म्हटलं, म्हणजे… काळजी नसणं.
सगुणा हसली नाही, चिडली नाही.
"उद्या पाटं या वाड्यावर."

पहाटे धारा. सातला वाट.
ओढ्यावरच्या ओंडक्यावरून बिरू खांद्यावर,
बिरूचं दप्तर जनीच्या खांद्यावर,
किटली कुणाच्याच नाही, सगळ्यांच्या हातात आळीपाळीनं.
डांबरीवर डेअरी. तिला कुलूप.
ईरप्पा येणार साडेनऊला; तोवर पोरं
पायरीवर बसून पायाच्या जळवा काढतात.
शाळेच्या फाटकात माझ्या घड्याळात
दहा वाजून सोळा मिनिटं.

हजेरी दहालाच झालेली.
ताटांचा आकडा मोबाइलवरून
खानापूरला गेलेला.
सातही पोरं आत बसली, पाढ्यात आवाज मिसळला,
आणि कागदावर ती
अजून ओढ्यापलीकडंच.

मग दुपारी भात कसा पुरतो?
हा माझ्या अठ्ठावीसांत नव्हता.
मी नुसतं विचारलं,
आणि मल्लव्वानं पदराला हात पुसत
स्वयंपाकखोलीचं दार ढकललं.

चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा,
पाच-पाचाच्या जुड्या, जूनपासून,
एकही दिवस न गाळलेला.
वर, साहेबांनी सांगितलेली ताटं.
खाली, जेवलेली.
रोज साताचा फरक, बाजाराच्या दिवशी नवाचा.
"ह्यात मराठीची किती, कन्नडची किती?"
"ते मला कळंना. ताटं धुवायला एकाच ढिगात येत्यात की."
"आणि तांदूळ?"
"सगळ्यांच्यातला चिमूट-चिमूट."

नमुना कसा निवडायचा
हे मी दोन वर्षं शिकले होते.

रविवारी चौदावा प्रश्न खोडला.
नवा लिहायला दोन तास गेले,
दोन भाषा आणि थोडे हातवारे.
गुरव मास्तर म्हणत राहिले, नियम म्हंजे नियम.
तेवढ्यात ईरप्पा, जो चहा प्यायला म्हणून आलेला,
म्हणाला, कुलूप मी साडेआठला पण काढीन.
मग आधी का नाही?
"कोण इचारलंय?"

आता दुसरी हजेरी साडेदहाला होते,
पेन्सिलीनं. शाईची परवानगी
खानापूरहून यायची आहे.

अहवालात नावं लपवायची असतात.
मल्लव्वाला वाचून दाखवलं, सहभागी क्रमांक सतरा.
"हे कोण?"
तूच. नाव झाकलंय, तुला त्रास नको म्हणून.
ती ताट विसळायची थांबली.
"मी काय चोरी केल्ये?"

तिसऱ्या पानावर तिचं नाव आहे आता,
भिंतीच्या फोटोखाली.
फोटोत रेघांच्या बाजूला, खालच्या अंगाला
एक छोटा काळा पंजा उमटलाय.
तो कुणाचा,
ते दोन्ही शाळांत विचारून झालं.