एक हजार त्रेचाळीस

तोर्सहावनच्या मत्स्यसंस्थेत, तळघरात,
जिथे पूर्वी मासे गोठवायचे,
तिथे आता सर्व्हर राहतो.
भिंतींना अजून खारट बर्फाचा वास आहे.

यादी काढली की एकाच नावाचे आठ जण
एकाखाली एक:
एनएफएसडी, एनएफएसडी, एनएफएसडी...
पंगतीतल्या वाढप्यांसारखे.
पान मांडलं की वाढायचं,
कोण जेवतंय विचारायचं नाही.
ह्यांना डीमन म्हणतात.
मुंजा म्हणावं, तर कुणाला झपाटत नाहीत;
बोललेच तर लॉगमध्ये एक ओळ.

रान्नवा त्यांची राखण करते, एकोणीस वर्षं.
तिला ठाऊक आहे,
ह्यांना माणसं नावाने कळत नाहीत. आकडा लागतो.
आणि परक्या यंत्रावरचा राजा, रूट,
दारात आला की मुकुट उतरवून
त्याला 'कुणीच नाही' करतात.
ही अट तिने कधी काढली नाही,
डायरेक्टर चिडला तरी.

हानुसचा आकडा एक हजार त्रेचाळीस.
तो कॉडच्या कानातले खडे कापायचा,
भिंगाखाली वर्तुळं मोजायचा,
एक वर्तुळ, एक हिवाळा.
चाळीस हजार फोटो.
मार्चमध्ये गेला. घरीच, बूट घालता घालता.
एप्रिलमध्ये पत्र आलं: खातं बंद करा.
तिने केलं.
फायली राहिल्या. यादीत जिथे हानुस यायचं
तिथे आता उघडा आकडा,
पाटी काढल्यावर दारावर खिळा राहावा तसा.

नोव्हेंबरच्या वादळात तळघराचा फ्यूज उडाला.
वरच्या मजल्यावर सगळे पडदे थिजले:
सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे.
हार्ड माउंट, हानुसच्याच हट्टाने.
सॉफ्ट असतं तर थोडं थांबून हात झटकलं असतं,
अर्धी फाईल लिहून मोकळं.
अर्धवट मोजलेला मासा, हानुस म्हणायचा,
न मोजलेल्याहून वाईट.
रान्नवा तोंडात टॉर्च धरून तासभर वाकली.
मग आठही जण उभे राहिले,
आणि वर कुणाचं तरी अडकलेलं वाक्य
मधल्या अक्षरापासून पुढे निघालं.
कुणी आभार मानले नाहीत. कळलंच नाही कुणाला.

जानेवारीत सुदुरोय बेटावरून एक मुलगी आली,
मार्युन. ओले मोजे हीटरवर ठेवणारी.
यंत्र म्हणालं, पुढचा मोकळा आकडा
एक हजार सत्तर.
गेलेल्याचा आकडा दुसऱ्याला द्यायचा नाही,
हा नियम रान्नवाच्याच अक्षरात
कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे.
तिने सत्तर खोडलं.

"हे सगळं माझ्या नावावर कसं?"
वरून खालपर्यंत, चाळीस हजार वेळा:
मार्युन, मार्युन, मार्युन.
"मोजायला लाग," रान्नवा म्हणाली,
आणि तिची कॉफी उचलून स्वतःच प्यायली.

शेवटच्या फोटोत अकरा वर्तुळांवर
लाल ठिपके होते.
बाराव्यावर नव्हता.