चार बोटं जागा

गान गानच्या अलीकडे, अकरा किलोमीटरवर,
पुढचं चाक फिरायचं थांबलं.
ब्रेक मी दाबला नव्हता.
चिखलाने दाबला होता.
टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत
थर, थरावर थर,
मग एका उतारावर चाक भिंतीसारखं उभं
आणि मी भिंतीच्या पलीकडे.

लसींचा डबा शाबूत. बर्फही होता तसाच.
गुडघ्यावर बसून स्क्रू-ड्रायव्हरने उकरायचं,
चारशे मीटर जायचं,
पुन्हा बसायचं.
इथली माती ओली असताना सोडत नाही
आणि वाळली की हातोडी मागते.
पोचले तेव्हा बाळांना झोपवून
आया अंगणात मेंढ्या मोजत होत्या.

एलेउतेरिओने सगळं ऐकून घेतलं,
येर्बाचा कडू घोट संपेपर्यंत.
म्हणाला, मडगार्ड फार खाली आहे. वर न्यायला हवं.
तो माझा सासरा.
गाडी त्याच्या मुलाची, साडेसहाशे सीसी,
टाकीला डाव्या अंगाला पोचा.
मुलगा दक्षिणेला तेलाच्या विहिरींवर असतो.
त्याच्याविषयी आम्ही बोलत नाही,
गाडीविषयी बोलतो.

शेडमागे एक निळं पिंप होतं,
मेंढ्यांच्या खरजेच्या औषधाचं,
त्यावर धोक्याची कवटी.
पिंपाची गोलाई आणि चाकाची गोलाई
यांचं आधीच काही ठरलेलं असावं.
बुटांच्या खोक्याचा नमुना कापला, पिंपावर ठेवला,
करवत चालली ती कवटीच्या नाकावरून,
आमच्या वाट्याला अर्धी आली.
कडा वाकवायला माझा हेअर ड्रायर,
लग्नात मिळालेला.
केस वाळवायला कधी लागलाच नाही,
इथे वारा आहे.

फोर्कच्या खालच्या जोडपट्टीला चार बोल्ट,
मध्ये पाण्याच्या पाइपाचे तुकडे, बोटाच्या पेराएवढे.
वॉशर नव्हते.
पेसोच्या नाण्यांना भोकं पाडली;
एक वॉशर घ्यायला
तसली दोनशे नाणी लागतात.

बस, म्हणाला.
मी बसले. त्याने हॅन्डलवर अख्खा भार टाकला,
शॉक-अप खाली गेले, टायर वर आला,
आणि त्याने फटीत हात घातला.
चार बोटं. पुष्कळ झाली.
मी त्याचा हात पाहिला.
करंगळी अर्धीच आहे,
लोकर कातरायच्या यंत्राने एकोणऐंशी साली नेली.
अंगठ्याशेजारचं बोटही तेव्हापासून सरळ होत नाही.
तुझी घाल, म्हणाला, न हसता.
माझी अडकली.
पाइपाचे नवे तुकडे कापले.

दुसऱ्या दिवशी चिखल उडाला,
हनुवटीपर्यंत उडाला,
पण चाक फिरत राहिलं.
गोळे सुटून मागे पडत होते, ओल्या गोवऱ्यांसारखे.
मी मोठ्याने ओरडले. ऐकायला एक नांदू पक्षी होता,
तोही पळाला.

मग कोरडा रस्ता, नव्वदचा वेग,
आणि पश्चिमेचा वारा त्या निळ्या चोचीखाली शिरला.
हॅन्डल हलकं झालं,
कुणीतरी खांद्याला धरून उठवावं तसं.
साठवर आले. पन्नासवर आले.
चाळीसने घरी आले, रात्री.

त्याने काही विचारलं नाही.
कंदील जवळ घेतला, ड्रिल काढलं,
पहिलं भोक अर्ध्या कवटीच्या
एकुलत्या डोळ्यात.
मग ओळीने सहा, मग जरा तिरकी पाच,
मग बॅटरी संपली.

आता त्या डोळ्यातून वारा जातो,
बारीक शीळ वाजते.
वस्तीवरची कुत्री माझ्याआधी ती ओळखतात.
जुनं मडगार्ड उलटं टांगलंय कोंबड्यांच्या पाण्यासाठी.

रविवारी देमेत्रिओचा फोन आला.
गाडी कशी आहे, म्हणाला.
उंच झाली आहे, मी म्हणाले.
तिकडे बराच वेळ फक्त यंत्रांचा आवाज.
इकडे एलेउतेरिओ
एका निळ्या तुकड्याची कड कानशीने घासत होता,
जो तुकडा कशालाच लागणार नव्हता.